चाल : देशी

लगीनसराई आली की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चैत्राची यात्रा संपते, गुलालानं माखलेल्या बैलगाड्या जोतिबाच्या डोंगरावरून खाली उतरतात, आणि तो गुलाल रस्त्यावरून उडून जायच्या आत पेठेत पहिला मांडव पडतो. मग बायको काही न बोलता माझ्या खोलीची रस्त्याकडची खिडकी लावून घेते. मी ती परत उघडतो. रागच यायचा असेल तर ऐकता कशाला, असं ती विचारते. बरोबर विचारते. पण कान काय टोपीसारखे खुंटीला अडकवून ठेवता येत नाहीत.

यंदा राग जरा जास्तच आहे. एकाच आठवड्यात दोन टपालं आली. एक आपल्या मिशनच्या मासिकाच्या संपादकांचं पत्र. चर्चमध्ये इतकी वर्षं पेटी वाजवता आहात, तर आपल्या आवडीनिवडी, आपल्यावरचे संस्कार, आपले आदर्श यांविषयी वाचकांना चार शब्द लिहून पाठवा, असं त्यांनी फार अदबीनं लिहिलं होतं. दुसरं टपाल म्हणजे गीतांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती. मी ती फोडली, एक पान काढलं, पाहिलं आणि पुस्तक भिंतीवर भिरकावलं. देवाच्या गीतांचं पुस्तक भिरकावू नये, एवढं मलाही कळतं. नंतर उचलून पुसूनही ठेवलं. पण भिरकावलं ते बरं केलं.

तर संपादकसाहेब, हा तुमचा लेख. छापायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आवडीनिवडी म्हणाल तर मला चार आवाजांचं इंग्रजी गायन आवडतं. उगीच नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. एक जण वरून गातो, एक जण खालून, दोघे मधून, आणि कुणी कुणाच्या पायावर पाय देत नाही, हे ज्यांनी शोधलं त्यांना माझा दंडवत. बोर्डिंगात होतो तेव्हा मिशनच्या मडमबाईंनी मला पायपेटीवर बसवलं. पायानं भाता मारायचा आणि हातानं वाजवायचं, अशी ती विलायती पेटी. माझे पाय खाली टेकत नव्हते म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं पायट्यांवर लाकडाचे ठोकळे ठोकले. त्यांच्या मुलखातल्या जुन्या वादकांच्या रचना त्यांनी मला शिकवल्या, बोट चुकलं की पट्टी मारली, आणि नाताळात पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. विसरणार नाही म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

नावड विचाराल तर मला रेंगाळत गायलेली स्तुती आवडत नाही. रविवारी अर्धी मंडळी पहिल्या कडव्यात असतात तेव्हा अर्धी दुसऱ्याच्या तोंडाशी येऊन थांबलेली असतात, आणि सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. नाटकातल्या पदाची चाल उचलून तिच्यात प्रभूचं नाव कोंबणारे हुशार लोक तर मला मुळीच आवडत नाहीत. आणि मला हलगी आवडते, हे आता एकदाचं लिहूनच टाकतो. कडकडीत तापवलेली हलगी लांब कुठंतरी वाजायला लागली की माझी बोटं गुडघ्यावर चालायला लागतात, मग मी उपासनेत असेन नाहीतर वडिलांच्या सभेत. आमच्या मंडळीत वडील म्हणजे चर्चचा कारभार बघणारे पंच. त्यांचा या लेखात संबंध येणार आहे.

पहाटे अंबाबाईच्या देवळाच्या नगारखान्यात सनई-चौघडा वाजायचा, तो माझा पहिला वर्ग. देवळात पाऊल टाकायची आम्हाला सोय नव्हती. आधी मांग म्हणून नव्हती, पुढं ख्रिस्ती म्हणून नव्हती. दोन वेगवेगळ्या कड्या आणि दरवाजा एकच. पण नगारखाना महाद्वाराच्या वरच्या अंगाला. वाजणारा वर, मी खाली बांगड्यांच्या बंद दुकानांच्या फळीला टेकून. तिथं मला कुणी जात विचारली नाही, बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. पेठेत कुलपं दुरुस्त करणारे एक मियाँ होते, ते दुपारी दुकानात सारंगी घेऊन बसायचे. त्यांनी मला फूटभर जागा दिली आणि वर्षभर फक्त ऐकायला लावलं. हे झाले संस्कार. मडमबाईंची पट्टी, महाद्वाराची फळी आणि कुलूपवाल्याचं दुकान.

आता आदर्श. इथं संपादकांना एखादं विलायती नाव हवं असणार. माझा आदर्श म्हणजे माझा मामा. सत्तूमामा. आईचा धाकटा भाऊ, मांगवाड्यातला, सनईवाला. तो ख्रिस्ती झाला नाही. माझे आईबाप झाले तेव्हा मी पाचसहा वर्षांचा होतो. आईचं नाव त्या दिवशी मार्था झालं, माझं दानिएल, पाळण्यातल्या बहिणीचं रूथ. बाबा पुढं मिशनचे उपदेशक झाले आणि आम्ही मिशनच्या आवारात राहायला आलो. मामाला बाबांनी पुष्कळ समजावलं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तुमच्यात आल्यावर सनई वाजवता येईल का. बाबा खरं बोलणारे. ते गप्प बसले. मामा उठला, धोतर झटकलं आणि गेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बोर्डिंग बंद असायचं, आणि सुट्टी म्हणजेच लगीनसराई. मी मामाच्या मागं जायचो. बाबांना कळत होतं, पण ते कळून न कळल्यासारखं करत. आई मात्र दशमी बांधून द्यायची. मामा लग्नात चाली वाजवायचा आणि मी शेजारी बसून दुसऱ्या सनईवर सूर धरायचो. सूर धरणं म्हणजे एकच स्वर, तासन् तास, न तोडता. तोंडानं फुंकायचं, गालात वारा साठवायचा आणि त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा. मामानं ते मला पाण्याच्या तांब्यात बोरूची नळी धरून शिकवलं. बुडबुडे थांबले की टपली. लोक चाल वाजवणाऱ्याकडं बघतात, सूर धरणाऱ्याकडं कोण बघतंय? मी एकदा कुरकुर केली. मामा म्हणाला की सूर सुटला तर मी उघडा पडतो, एवढं ध्यानात ठेव. चर्चच्या पेटीवर बसताना आजही मी तेच ध्यानात ठेवतो.

लग्नाच्या मांडवात मामाचं काय चालायचं ते सांगतो. हळद लागली, मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, सगळं त्याच्या फुंकरीवर. त्याची सनई थांबली की वऱ्हाड थांबलं. आणि जेवायला मात्र तो मांडवाबाहेर, गोठ्याच्या कडेला, आपल्या पत्रावळीवर, वरून वाढलेलं. मी त्याच्याजवळ बसून जेवायचो आणि अन्न तोंडात फिरायचं. मामा निवांत जेवायचा. मला म्हणायचा, गप खा, अजून वरात हाय. माझा राग बहुतेक तिथंच कुठंतरी सुरू झाला.

मी चौदा वर्षांचा असताना आई प्लेगात गेली. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहत होते, तिथंच गेली. दफनाला मामा आला. लांब उभा राहिला, कारण आमच्या मंडळीतल्या कुणीच त्याला जवळ ये म्हटलं नाही. मीही नाही.

आणि मग ती लगीनसराई आली, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. मी एकोणीस वर्षांचा, चर्चचा पेटीवाला झालेलो. रूथचं लग्न मिरजेकडच्या एका शाळामास्तराशी ठरलं. उन्हाळा असा की रंकाळ्याचं पाणी काठापासून वीस पावलं आत गेलेलं. मिशनच्या आवारात कडुलिंबाचा मोहोर सगळीकडं पडायचा. रूथ दिवसातून तीनदा अंगण झाडायची आणि झाडता झाडता थांबायची. आई नाही, हे ती बोलून दाखवत नव्हती. एक दिवस मला म्हणाली, "मला मांडवात आणायला मामा पायजे." त्या रीतीत वावगं काय आहे सांगा? पोरीला मामानं आणायचं, हे आपल्या मुलखात सगळ्या जातींत आहे.

वडिलांची सभा बसली. शमुवेल वडील म्हणजे त्यांच्यातले सगळ्यात मोठे. शाळेत मास्तरकी केलेले, स्वच्छ धोतर, स्वच्छ बोलणं, आणि मांगवाड्यातून आमच्याही आधी दहा वर्षं बाहेर पडलेले. मिशनचा गोरा पाद्री, म्हणजे आमचा साहेब, त्या सभेत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. साहेबाला विचारलं असतं तर तो कदाचित येऊ दे म्हणाला असता. त्याला आपलं वाजप मजेचं वाटायचं, एकदा हलगीचा फोटोही काढला होता त्यानं. नाही म्हणाले ते आपलेच लोक. शमुवेल वडिलांनी सांगितलं की बाप्तिस्मा नसलेला माणूस वधूला वेदीपाशी आणू शकत नाही. मागच्या बाकावर बसू शकतो. पण सनई आवारात येता कामा नये. देवीपुढं वाजलेलं लाकूड ते. बाबा मान खाली घालून बसले. मी म्हणालो की मग पेटी काय स्वर्गातून पडली आहे का? मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो. जायला नको होतं, पण एकोणीस वर्षांच्या माणसाला बाहेर जा म्हटलं की तो पाय आपटत जातो आणि आपण मोठं काही केलं असं समजतो.

निरोप घेऊन मांगवाड्यात जायचं काम माझ्यावरच आलं. मामा ओसरीवर सनईची पत्ती ओली करत बसला होता. मी सगळं सांगितलं. तो चिडेल, शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं आणि खरं तर मला तेच हवं होतं. त्यानं पत्ती तोंडातून काढली, उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "कुंपणाभायेरचा लिंब कुणाचा हाय रं?"

मी म्हणालो की तो रस्त्यावर आहे.

"मग रस्ता महाराजांचा हाय. मिशनचा न्हाय. मी तितं उभारणार."

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला चर्च भरलं. वैशाखातले दहा. मी पेटीवर. बाबांनी रूथला आणलं, आणि मी ठरल्याप्रमाणे विलायती चाल वाजवत होतो. ती वेदीपाशी पोहोचली, माझी चाल संपली, साहेबानं पुस्तक उघडलं. आणि बाहेर लिंबाखाली सनई सुरू झाली.

रोजच्या लग्नातलं काही नव्हतं ते. इतकं सावकाश होतं की पहिले दोन स्वर संपून तिसरा येईपर्यंत माणूस श्वास धरून बसावा. शमुवेल वडिलांनी मागं वळून बघितलं आणि खिडक्या लावायला सांगितल्या. वैशाखात, दोनशे माणसं आत असताना, खटाखट सगळ्या खिडक्या लागल्या. बायकांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली, लेकरं रडायला लागली. सनई आत येतच राहिली. मग वडील माझ्यापाशी आले, वाकले आणि कानात म्हणाले, "पेटी वाजव. मोठ्यानं."

आणि मी वाजवली.

मी पाय जोरात मारले, आवाज वाढवणारे सगळे खटके ओढले आणि मामाची सनई बुडवायला पेटी वाजवली. मामाचा सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठंतरी होता. पेटीत ती पट्टीच नसते. त्यामुळं दोन्ही आवाज एकमेकांवर असे घासायला लागले की लोकांनी कानांत बोटं घातली. ज्याचा सूर मी पाच उन्हाळे धरला, त्यालाच मी बेसूर करत होतो. शेवटी साहेबानंच हात वर करून मला थांबवलं. मी थांबलो. मामा थांबला नाही.

साहेबानं रूथला विचारलं की या पुरुषाला तू पती म्हणून पत्करतेस काय. रूथ गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. रूथ खाली बघत उभी, डोळ्यांतून पाणी, ओठ घट्ट मिटलेले. नवऱ्यामुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिसऱ्यांदा विचारलं, तरी गप्प. मग बाहेरची चाल सावकाश उतरत उतरत आपल्या घरच्या स्वरावर आली आणि थांबली. रूथनं मान वर केली आणि स्पष्ट आवाजात होय म्हणाली. पोरगी लाजली, आईची आठवण आली असेल, असं सगळे म्हणाले. मीही तेच समजलो. मामा मात्र आत आला नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं.

ती चाल माझ्या डोक्यातून गेली नाही. चारपाच वर्षं पाठीस लागली होती. बाबांनी म्हातारपणी काही गीतं रचली, त्यातल्या एकाला मी ती चाल लावली. मंडळीनं पहिल्याच रविवारी उचलली. हो, त्याच मंडळीनं. रेंगाळणारे लोक त्या गीताला रेंगाळत नव्हते. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून गायच्या. शमुवेल वडीलसुद्धा पायानं ठेका धरायचे, आणि मला आतून इतका राग यायचा आणि इतकं हसू यायचं की कशाला वाट द्यावी कळायचं नाही.

मग गीतांच्या पुस्तकाची समिती बसली. मडमबाई तिच्यात होत्या. त्यांनी मला चाल विलायती पद्धतीनं पाच रेघांवर लिहून द्यायला सांगितली. मी आठ दिवस खपून लिहिली. पेटीत नसलेले स्वर जवळच्या पट्टीवर बसवले, म्हणजे लंगड्याला खुर्चीवर बसवतात तसे. मडमबाईंनी वाजवून बघितली, खूष झाल्या आणि लेखणी उचलून विचारलं, "कुणी केली ही? नाव सांग, वर घालायचं आहे."

खोलीत शमुवेल वडील बसले होते. माझ्या मनात क्षणात सगळा हिशेब झाला. सत्तू मांग, सनईवाला, बाप्तिस्मा नाही, असं सांगितलं की वडिलांचा चेहरा बदलणार आणि गीत पुस्तकातून जाणार. गीत राहायला हवं तर नाव गिळायला हवं. मी स्वतःला फार शहाणा समजलो. म्हणालो, "देशीच आहे, बाई." त्यांनी लिहून घेतलं.

पुस्तक छापून आलं. तीनशेच्या वर गीतं. विलायती चालींच्या डोक्यावर एकूण एक कर्त्याचं नाव. कोण कुठल्या गावचा, दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, त्याचंही नाव. काही ठिकाणी नाव सापडलं नाही तर 'अज्ञात' छापलं होतं. अहो, अज्ञात म्हणजे निदान कुणीतरी माणूस होता, फक्त आपल्याला ठाऊक नाही, एवढी तरी कबुली आहे. आमच्या गीतावर काय? 'चाल : देशी'. जणू ती बांधावर आपोआप उगवली आणि मी गवतासारखी कापून आणली. तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती कुणावर काढू? शब्द माझाच होता.

ते पुस्तक घेऊन मी मांगवाड्यात गेलो. मामा थकला होता, दात पडायला लागले होते, आणि दात गेले की सनईवाल्याचं अर्धं आयुष्य गेलं. त्याला वाचता येत नव्हतं. मी पान काढून दाखवलं, बोट ठेवून सांगितलं की ही तुझी चाल, लिंबाखालची. त्या पाच रेघांवर तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग मी रडतच सगळं कबूल केलं. नाव विचारलं होतं, मी सांगितलं नाही, तुझं नाव मी खाल्लं.

मामा हसला. "माझं कशाला रं? ती चाल माझी न्हाय."

मग कुणाची, मी विचारलं.

"तानाक्काची हाय. तुझ्या आईची. जात्यावर गायची की. मी न्हानपणापास्नं ऐकलेली. रुतीच्या लग्नात आई न्हवती, म्हणून म्हटलं तिला तेवढी तरी आत धाडावी."

तानूबाई हे आईचं बाप्तिस्म्याआधीचं नाव. आणि मग मला सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मिशनच्या आवारात राहायला आल्यावर बायबल शिकवणाऱ्या बायकांनी आईला सांगितलं होतं की जात्यावरच्या ओव्यांत देवीदेवांची नावं येतात, त्या गाऊ नयेत. आईनं ऐकलं. शब्द सोडले. तोंड मिटून नुसती गुणगुणत दळायची. सुट्टीत घरी आलो की पहाटे मी जात्याजवळ झोपायचो आणि ती गुणगुण घरघरीतून यायची. मला ते गाणं वाटायचंच नाही. पिठाच्या वासासारखं ते घरातच होतं. मडमबाईंकडं चार आवाज वेगवेगळे ओळखायला शिकलेला माझा कान, कुलूपवाल्या मियाँनी वर्षभर तयार केलेला माझा कान, आणि सनईवर ती चाल सावकाश आली तर मला स्वतःच्या आईचा आवाज ओळखता आला नाही. रूथला आला. ती तीनदा गप्प राहिली ती लाजून नव्हे. आईचं गाणं मध्ये तोडून होय म्हणायला तिनं नकार दिला होता. आणि मी, संगीतकार म्हणवणारा मी, तेव्हा खटके ओढून त्या गाण्यावर पेटी घालत होतो.

पुढं रूथ माहेरी आली तेव्हा मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुला ठावं न्हवतं व्हय?" एवढंच. मग उठून लेकराला दूध द्यायला गेली.

मी समितीला पत्रं लिहिली. एक नाही, चार. मडमबाई तोवर मायदेशी गेल्या होत्या. उत्तर आलं ते फार सभ्य होतं. लोकगीतांच्या चालींना कर्ता नसतो, असा संगीतशास्त्राचा अनुभव आहे. शिवाय तानूबाई नावाची कुणी स्त्री मंडळीच्या नोंदवहीत आढळत नाही. तरीही दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी विचार करू. मी वाट बघितली. त्या थांबण्यात मामा गेला, तापाच्या साथीत, दोन दिवसांत. त्याच्यामागं सनई वाजवणारं त्याच्या घरात कुणी नाही. यंदाची ही पहिली लगीनसराई, ज्यात मी खिडकी उघडतो आणि रस्त्यावरून येणाऱ्या सनईत त्याची फुंकर शोधत नाही. म्हणजे शोधतो, पण ती नसते.

आणि ती दुसरी आवृत्ती आली. नवा कागद, नवी बांधणी, आमचं गीत, आणि वर 'चाल : देशी'.

परवा शनिवारी दुपारी मी दौत आणि टाक घेऊन चर्चमध्ये गेलो. खिडक्या सगळ्या उघडल्या. बाकांवर नव्या आवृत्तीच्या प्रती मांडून ठेवलेल्या होत्या. पहिल्या बाकावर बसलो, पान काढलं, 'देशी' वर एक रेघ मारली आणि पुढं जमेल तेवढ्या चांगल्या अक्षरात नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. पंधरावीस प्रती झाल्या असतील तेव्हा काठीचा आवाज आला. शमुवेल वडील. आता त्यांना धड दिसत नाही, पण ते रोज दुपारी चर्चमध्ये एकदा येऊन बसतात. मी काय करतो आहे असं त्यांनी विचारलं. देवाच्या पुस्तकावर लिहितो आहे, म्हणालो. त्यांनी एक प्रत उचलली, नाकाजवळ नेली आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. तानूबाई. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही कोण? आपल्या वहीत असं नाव नाही. तुझी आई तर मार्था होती."

"मार्थाला तुम्ही गाऊ दिलं नाही," मी म्हणालो. "गायची ती तानूबाई."

वडील पुस्तक हातात धरून उभे राहिले. बाहेर लांबवर कुणाची तरी वरात चालली होती. मला वाटलं ते आता खिडक्या लावायला सांगणार. त्यांनी सांगितलं नाही. काठी टेकत ते बाकावर बसले आणि हातातली प्रत माझ्याकडं न देता तशीच उघडी मांडीवर धरून ठेवली, कारण शाई अजून ओली होती.

कोल्हापूरच्या सगळ्या प्रती झाल्या. पण पुस्तक मिरजेला गेलं आहे, सांगलीला गेलं आहे, घाटाखाली कोकणातही गेलं आहे, आणि तिथं माझा हात पोचत नाही. म्हणून संपादकसाहेब, हा लेख छापाच. वाचणाऱ्याच्या बाकावर ते पुस्तक असेल. टाक सगळ्यांकडं असतो.